निझव्याचा मुक्काम

आदिल मुकादम दाभोळचा. बाविसाव्या वर्षी ओमानला आला आणि मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारातल्या भांड्यांच्या घाऊक दुकानात ड्रायव्हर म्हणून लागला. गेली अकरा वर्षं दर गुरुवारी तो पातेली, थर्मास, कहव्याच्या किटल्या पिकअपमध्ये भरून निझव्याला नेतो. तिथल्या किल्ल्याच्या बुरुजाखाली माल उतरवतो आणि दिवस मावळायच्या आत परत फिरतो. किल्ला आतून कसा आहे, हे त्याला यंदापर्यंत ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये त्याची बायको अफशीन महिन्याभराच्या व्हिसावर मस्कतला आली. कडेवर दहा महिन्यांची अदीबा. लेकीच्या जन्माच्या वेळी आदिलला सुटी मिळाली नव्हती. रोज जेवणाच्या सुटीत तो फोनवर तिचं तोंड बघायचा. तीही फोन चाटायची, खिदळायची. पण विमानतळावर त्याने हात पुढे केले आणि तिने भोकाड पसरलं.

"नवीन माणूस दिसलं की रडते ती," अफशीन बोलून गेली आणि लगेच जीभ चावली.

आठ दिवस झाले तरी तेच. आदिल खोलीत आला की पोर आईच्या मानेत तोंड खुपसायची. दाढीला भीत असेल म्हणून त्याने दाढी काढली, तर ती आणखीच घाबरली. तो हसण्यावारी न्यायचा, पण दुकानात त्याचं लक्ष लागेना. मालक महमूदच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"उद्या माझी मोठी गाडी घेऊन जा," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "माल थोडाच आहे. दोघींनाही घे. शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार बघूनच ये. खलास!"

निझव्यात माल उतरवून तिघं किल्ल्यात शिरली. बुरुजाच्या पायऱ्या अरुंद आणि उंच. अर्ध्यावर अफशीनला धाप लागली. "घ्या हिला जरा," ती म्हणाली. आदिलने घेतलं मात्र, अदीबा अशी किंचाळली की वरून उतरणारी माणसं थबकली. वर न जाताच तिघं परतली.

जुन्या मातीच्या घरांमधल्या एका लॉजमध्ये त्यांनी खोली घेतली होती. संध्याकाळी आदिल बाळासाठी काही आणायला खाली उतरला. दुकानातून त्याने अफशीनला फोन लावला, "केळी घेऊ की दही?"

उत्तराऐवजी अदीबाचा चीत्कार ऐकू आला. मग हसणं. मग हाताने फोन बडवल्याचा आवाज.

"अवो, तुमचा आवाज ओळखला तिनं!" अफशीन म्हणाली. "ठेवू नका. व्हिडिओ चालू करा आणि बोलत बोलत वर या."

आदिल जिना चढत बोलत राहिला, रोज बोलायचा तेच. "काय गो कोळंबे, जेवलीस काय? आईला त्रास देतेस काय?" खोलीचं दार उघडून तो उंबऱ्यातच खाली बसला. अदीबाने फोनकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे. दोन्हीकडचा माणूस तेच बोलत होता. आदिलने हळूच फोन खाली ठेवला.

तिचा ओठ थरथरला. पण रडली नाही. रांगत निघाली, मध्येच थांबली, आईकडे वळून पाहिलं आणि पुन्हा निघाली.

"उचला ना," अफशीन कुजबुजली.

"नको. येऊ दे तिची ती."

ती आली. त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि त्याच्या तोंडात बोट घातलं. आदिलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि बोट चावलं जाऊ नये म्हणून तो तोंड उघडंच ठेवून बसला होता.

सकाळी बाजारात विक्रेते दोऱ्यांना धरून बकऱ्या गोल फिरवत होते. अदीबा बापाच्या कडेवरून प्रत्येक बकरीला हाक मारत होती. दहा महिन्यांत पहिल्यांदाच अफशीन दोन्ही हात मोकळे सोडून चालत होती. एका टपरीवर तिने सावकाश, गरम असतानाच चहा प्यायला.

मायलेकी एप्रिलमध्ये दाभोळला परतल्या. फॅमिली व्हिसाच्या कागदांवर महमूदने सही केली आहे. आदिल सुटीच्या दिवशी खोल्या बघत फिरतो. अफशीनची अट एकच, स्वयंपाकघराला खिडकी हवी. परवा मस्कतमधल्याच बौशरला तशी एक खोली मिळाली. ऑगस्टपासून घेतो, असं त्याने घरमालकाला सांगूनही टाकलं.