गंजावरची दोन नावं

गोंदिया जिल्ह्यात जेवढी म्हणून काळजी पिकते, ती सगळी आमच्या घरमालकांच्या अंगणात येऊन पडते, असं माझं ठाम मत आहे. त्यांना सगळी गल्ली काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. शाळेच्या नोकरीसाठी मी त्यांच्या वरच्या खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा त्यांनी मला घर दाखवलं ते असं: इथून पाणी शिरू शकते, इथून साप येऊ शकते, अन् या खिडकीतून चोर. घरात देव कुठे आहेत, ते मला नंतर कळलं. ऑटोत बसले की चौकापर्यंत जाऊन ते गॅस बंद केला का बघायला परत यायचे. शेवटी ऑटोवालाच निघण्याआधी विचारू लागला, "काकाजी, गॅस देखा क्या?" स्टेशनवर इतक्या लवकर पोचायचे, की एकदा आधीच्याच गाडीत बसून निघून गेले. आणि शिकवता शिकवता माझा फोन वाजला, की समजायचं, "मॅडम, तुमचा गॅस बंद हाय ना?" वैताग यायचा हो! मी वस्सकन ओरडायचे, आणि मग मधल्या सुट्टीत मलाच धाकधूक व्हायची.

एवढी कुलपं घालणाऱ्या माणसाकडेच चोरी व्हावी, याला काय म्हणावं? आणि चोरीला गेला तो गंज. लग्नाकार्यात भात शिजवायचं भलंमोठं पितळी पातेलं, त्याला इकडे गंज म्हणतात. दारातून आत मावेना, म्हणून काकाजींनी तो मागच्या पडवीत साखळीनं खांबाला बांधून ठेवला होता. चोरानं साखळीही नेली.

गंज एकट्या काकाजींचा नव्हता. तिरोड्याकडच्या गावात त्यांचा धाकटा भाऊ धानाची शेती करतो. वडील गेल्यावर वाटणी झाली, पुढे शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं बोलणं तुटलं, पण गंजाचे काही दोन तुकडे करता येईनात. वडिलांनीच त्याच्या काठावर दोघांची नावं ठोकून घेतली होती. तेव्हा ठरलं की तो एक वर्ष याच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, की ज्याची पाळी असेल तो दुसऱ्याच्या दारात गंज न्यायला जाणार. "कल्हई केली का?" "केली." वर्षभरात दोघे भाऊ बोलायचे ते एवढंच. गंज चोरीला गेला आणि तेही संपलं. त्या मंडईला न्यायची पाळी धाकट्याची होती, पण चोरीचं कळल्यावर तो आलाच नाही.

मग कळलं की भंगारवाल्याकडून धरलेली बरीच भांडी तिरोड्याकडच्या एका पोलीस ठाण्यात पडून आहेत. मुदतीत कोणी मालकी सांगितली नाही, तर सरकारजमा होऊन त्यांचा लिलाव व्हायचा होता. काकाजी धावत गेले, गंज ओळखला आणि चेहरा पाडून परत आले. हवालदारानं काठावरची दोन नावं वाचली आणि म्हणाला, दोघांनी या. नाहीतर भावाकडून हक्क सोडल्याचं लिहून आणा.

"बरंच झालं की!" मी म्हटलं. "लिहून दिलं तर गंज तुमचा एकट्याचा."

काकाजी माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, त्यानं लिहून देलं तं मी त्याच्या दारात कोन्या कामानं जाऊ?"

हा माणूस आजवर पाण्याला, सापाला, गॅसला घाबरत आला होता. हे भय वेगळं होतं. ते जेवेनात. भावाला फोन करायची छाती नव्हती, तेव्हा तो मी केला. पलीकडून "हं" आलं आणि फोन बंद. येतो म्हणाला की नाही म्हणाला? मला काय ठाऊक! काकाजींनी त्या "हं"बद्दल मला इतक्यांदा विचारलं, की मी वकील लावायची धमकी दिली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्यासोबत गेले. ठाण्याच्या ओसरीवर काकाजी कागदांच्या झेरॉक्स आणि झेरॉक्सच्या झेरॉक्स मांडीवर घेऊन बसले होते. दुपार कलली. हवालदार घड्याळ बघू लागला. तेवढ्यात फाटकात मोटरसायकल थांबली आणि काकाजींसारखंच नाक असलेला एक रापलेला माणूस आत आला. भावाकडे त्यानं पाहिलंही नाही.

हवालदार कंटाळलेला. "भाऊ, हक्क सोडला म्हनून लिहून द्या अन् मोकळे व्हा. कायले एका भांड्यासाठी डोकं लावता?"

"मी काऊन सोडू?" तो असा गरजला की आतला शिपाई बाहेर आला. "माजं नाव हाय त्याच्यावर! बापानं घातलं. सोडत नाई म्हनजे नाई!"

सगळ्यांना वाटलं, आता जुंपणार. मी काकाजींचा हात धरला. ते रडत होते, आणि इतकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "नाई सोडत तो," मला हळूच म्हणाले. "पाहिलं ना, मॅडम? नाई सोडत."

दोघांनी सह्या केल्या. पाळी आता धाकट्याची होती, म्हणून त्यानं गंज मोटरसायकलला बांधला आणि न बोलता निघून गेला. आम्ही पॅसेंजरनं गोंदियाला परतलो. फलाटावर उतरल्याबरोबर काकाजींची सुरुवात झाली: दोर सैल होता, रस्ता खराब आहे, तुम्ही जरा फोन लावता का? मी साफ नाही म्हटलं. तुमचा भाऊ, तुम्हीच लावा. त्यांनी नंबर लावला, एकही शब्द सुटू नये म्हणून स्पीकर चालू केला.

"पोचला का?"

"गंज पोचला."

"गंजाचं नाई इचारून राहिलो, बाबू. तुजं इचारून राहिलो."

पलीकडून काहीच आलं नाही. फोनही बंद झाला नाही. गर्दी आम्हाला धक्के देत जात होती आणि काकाजी कधी नव्हे ते घाई न करता उभे होते. पुढे माझी बदली झाली. आता शिकवताना फोन वाजत नाही, गॅसचं कोणी विचारत नाही, आणि ते नसणं मला फार जाणवतं.