अण्णांचा सकाळचा नंबर

सुहासिनीचा जीव कधी जागेवर नसायचाच. मस्तगडातून परतूरला मावशीकडे जायचं म्हटलं तरी जातानाची गाडी, येतानाची गाडी, अन् गाडी चुकली तर काय, हे सगळं ही बाई आदल्या दिवशीच ठरवून ठेवणार. सॉफ्टवेअरचंही तेच. आधी शेवटापर्यंतचा आराखडा, मगच कामाला हात.

अन् नेमकं तिच्याकडे डायलिसिस केंद्राचं काम आलं. कोणता रुग्ण कोणत्या मशीनवर, किती वाजता, हे भिंतीवरच्या कागदावरून कॉम्प्युटरवर आणायचं होतं. त्या रुग्णांत तिचे वडीलही होते, मार्तंडअण्णा. आता सांगा, कशी स्वस्थ बसणार? आपल्या हातून चूक झाली तर आपल्याच बापाचा नंबर हुकेल, या धास्तीनं तिला जेवण जाईना.

तिच्या जोडीला असलेला केदार पार वैतागला. "ताई, तुम्ही अजून कागदच करून राह्यल्या! एका मशीनपुरतं चालू करू. चुकलं तर कळंल, दुरुस्त करू. मंग दुसरं मशीन."

"लोकांच्या जिवावर शिकतोस काय रे?"

"भिंतीवरचा कागद राहू देऊ की! बिलकुल काढायचा न्हाई."

पण ऐकेल ती सुहासिनी कसली. तिनं डॉक्टरांना विचारलं, नर्सना विचारलं, दारावरच्या वॉचमनलासुद्धा सोडलं नाही. सगळ्यांचं एकच उत्तर: ठरलेला नंबर बदलत नाही. मग तिनं तसाच पक्का नियम घातला. ज्याचा नंबर, त्याचंच नाव; दुसरं नाव टाकलं की स्क्रीन अडून बसणार. एवढं करूनही डोक्यातली भुणभुण थांबेना. काहीतरी राहिलंय, काहीतरी राहिलंय. शेवटी डॉक्टरच म्हणाले, बस झालं, सोमवारपासून एका मशीनवर सुरू करा.

सोमवारी सकाळी तिनं नेहमीसारखं अण्णांना फाटकाशी सोडलं. एरवी तिथूनच ऑफिसला पळायची, ती थेट संध्याकाळी घरी यायची. आज गाडी लावून मागाहून स्वतःही आत गेली अन् केदारशेजारी बसली. पहिला नंबर अण्णांचा. पण पलंगावर होत्या हसनाबादच्या तुळजाबाई. नर्सनं त्यांचं नाव टाकलं अन् स्क्रीन अडली ती अडलीच.

"अण्णा कुठायत?" सुहासिनी ताडकन उठली.

नर्सचा चेहरा पडला. "मॅडम, रागावू नका. तुळजाबाईंचा नंबर दुपारचा हाय. दुपारी घेतलं की त्यांची गावाकडची शेवटची बस जाते. म्हणून तुमचे अण्णा आपला नंबर त्यांना देतात अन् स्वतः दुपारी घेतात. दिवाळीपासून चाललंय. नियमात बसत न्हाई, म्हणून आम्ही बोललो न्हाई."

भिंतीवरचा कागद होता म्हणून बरं. त्यावर नोंद करून नर्सनं मशीन चालू केलं. केदार लगेच नंबर बदलायची सोय करायला लागला.

अण्णा मागच्या व्हरांड्यात बाकावर सापडले. एकटेच.

"अण्णा! मी दर वेळी दहाला फोन करते अन् तुम्ही सांगता, चालू आहे म्हणून?"

"मंग काय सांगू? तू हातातलं टाकून पळत आली असतीस. आपलं घर हे इथं. त्या बाईला किती लांब जायचं असतं."

"अहो, मी अख्ख्या केंद्राला विचारलं!"

"मला कुठं विचारलंस?"

तिला संताप आला, लाज वाटली अन् डोळे भरून आले, सगळं एकाच वेळी. "आणखी काय लपवलंय? सांगा, आत्ताच सगळं सांगा."

"सगळं एकदम कसं आठवंल, सुहास? एकेक सांगतो." अण्णा बाकावर जरा सरकले. "आधी हे ऐक. तू सोडून गेलीस की सकाळभर इथं एकट्याला बसवत न्हाई मला. भ्या वाटतं."

एवढ्या मोठ्या आराखड्यात ही गोष्ट कुठंच नव्हती. तिनं केदारला फोन लावला. "आतलं तू बघ. जमेल तसं कर, चुकलं तर दुरुस्त करू."

अन् ती अण्णांजवळ बसली. दर थोड्या वेळानं तिला उठून आत डोकावावंसं वाटत होतं. पण दुपारी अण्णांचं नाव पुकारेपर्यंत ती उठली नाही.