प्रयोगशाळेतल्या सुभद्राक्का

धुतलेली प्रत्येक बाटली सुभद्राक्का खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि एक डोळा मिटून आत पाहायच्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळूरच्या विद्यापीठात कर्करोगावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी.साठी साताऱ्याहून नुकतीच आले होते. न राहवून मी मराठीतच पुटपुटले, "स्वच्छच तर आहे."

"दिसतीय स्वच्छ. असायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "स्वल्प थांब."

परक्या गावात आपली भाषा कानावर आली, म्हणून मी तिथंच स्टूल ओढून बसले.

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरातलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, म्हणून बोलताना 'जरा'चं 'स्वल्प' व्हायचं. यशवंतपूरहून दोन बस बदलून यायच्या. शिक्षण सातवी, काम काचेची भांडी धुण्याचं, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. त्या बाटल्यांत आम्ही कर्करोगाच्या पेशी वाढवायचो. साबणाचा अंश राहिला, तरी पेशी मरत. अक्कांना याची फार गंमत वाटे. "माणसाला खातात आणि साबणाला भितात," म्हणायच्या.

तिसऱ्या वर्षी मी एका झाडाच्या सालीचा अर्क तपासत होते. एका सकाळी पाहिलं, तर अर्क घातलेल्या सगळ्या बाटल्यांतल्या पेशी मेलेल्या आणि अर्क न घातलेल्या बाटल्यांत मजेत वाढणाऱ्या. माझ्या मार्गदर्शक सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो बराच वेळ काढलाच नाही. दहा दिवसांनी दिल्लीत परिषद होती. तिथं हे मांडायचं ठरलं. दुपारी म्हैसूरपाक वाटला गेला. अक्कांनी आपला तुकडा कागदात गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत आलेख काढत असताना अक्का आल्या आणि उभ्याउभ्याच कन्नडमध्ये बोलू लागल्या.

"सार, मंगळवारी नळाला पाणी नव्हतं. त्या दिवशीच्या बाटल्या मी दहाच्या जागी चारदाच खळबळल्या. हिनं अर्कासाठी त्याच घेतल्या. पेशी औषधानं मेल्या की माझ्या साबणानं, मला ठाऊक नाही."

सरांनी चष्मा काढला. "आधी का नाही सांगितलंत?"

"वाटलं, चालून जाईल. काल सगळे हसत होते, तेव्हा कळलं, हे चालायचं नाही."

त्यांची नोकरी कायम करण्याचा कागद त्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

सर आधी माझ्यावर चिडले, आणि ते बरोबरच होतं. दोन्हीकडच्या बाटल्या एकाच धुलाईतल्या घ्यायच्या, हा साधा नियम मी मोडला होता. प्रयोग पुन्हा केला. या वेळी अर्कातल्याही पेशी जिवंत राहिल्या. सरांनी दिल्लीच्या भाषणातून तो भाग काढून टाकला. मी दोन दिवस मान खाली घालून नोंदवह्या तपासत बसले. अक्काही माझ्याकडे न बघता बाटल्या धूत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं आणि अक्कांच्या कागदावर सही केली. म्हणाले, "मागच्या आठवड्यात केली असती तर न वाचता केली असती. आज वाचून करतोय."

"सरी, सार," म्हणजे 'बरं, सर', एवढंच अक्का म्हणाल्या.

पुढे दीड वर्षानं त्याच सालीतून वेगळा काढलेला एक घटक पेशींची वाढ थोडी मंदावतो, असं दिसलं. थोडीच, पण दर वेळी. आमचा निबंध छापून आला, तेव्हा आभारांत सरांनी अक्कांचं पूर्ण नाव घातलं होतं. मी ते त्यांना वाचून दाखवलं. "परत वाच," त्या म्हणाल्या.

मी प्रबंध लिहीत होते, त्या वर्षी अक्कांनाच कर्करोग निघाला. उशिरा कळला. मी घरी भेटायला गेले, तेव्हा लेक चहा ठेवायला आत गेली होती. त्यांनी हळूच विचारलं, "ते आपलं औषध मला मिळंल का गं?"

ओठावर आलेलं गोड उत्तर मी गिळलं. "नाही अक्का. ते अजून बाटलीतच आहे. माणसापर्यंत यायला कितीतरी वर्षं लागतील. कदाचित येणारही नाही."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मग माझा हात धरला. "घरात सगळे बरी होशील, बरी होशील म्हणतात. त्यांच्यापुढं कायच बोलता येत नाही. तू बस जरा."

मी बसले. कुठलं लुगडं कोणत्या सुनेला द्यायचं, नवऱ्याला भात कसा मऊ लागतो, मरायची भीती नेमकी कधी वाटते, हे सगळं त्या तासभर शांतपणे सांगत राहिल्या.

महिन्याभरात अक्का गेल्या.