वाक म्हणाली अन् मी वाकले

पोरीने फोनवर सरळ सांगितलं, "आई, तुमच्या टाकीच्या पाण्याला वास येते. बाळंतपणाला मी न्हाई येत." पहिलंच बाळंतपण, अन् माहेरी न्हाई? फोन ठेवला अन् पिशवी भरायला घेतली.

आमच्या कुरुंद्यात बोअरचं पाणी असं जड की डाळ शिजत न्हाई. म्हणून पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत घेतो. ते गाळायला मी ड्रममध्ये वाळूवर जुनं बारदान कोंबलं होतं. बारदान हळदीचं! पाणी आधी पिवळं झालं, मग वास मारायला लागलं. नवरा म्हणतो, "पुन्हा हळद लावून घ्यायची का लग्नाची?" त्याला हसू सुचतं.

बारदान विकणाऱ्या सलीमभाईंनी मात्र आधीच वाट दाखवली होती. "सेनगावच्या पुढं तांड्यावर धुरपताबाई हाय. झाडाच्या धाग्यानं पाणी गाळते. तिला इचारा."

कुरुंद्याहून वसमत, तिथून एसटीने हिंगोली. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून निघा बिनधास्त. स्टँडवरची भजी गरम असतील तरच घ्या, मी गार खाल्ली अन् पस्तावले. सेनगावची जीप भरल्याशिवाय हलत न्हाई. मी ड्रायव्हरला म्हणाले, "काहून थांबला रे?" तो म्हणाला, "मावशी, तुमीच दोन शिटांवर बसल्या." पुढे रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्हीकडे सोयाबीन हिरवंगार.

धुरपताबाई माझ्याच वयाची, अन् तोंडाने माझ्याहून तिखट. तिचा ड्रम अंगणातच होता.

"तुमी काय घातलं होतं?"

"बारदान."

"हळदीचं?"

"मग काय सोन्याचं?"

ती खो खो हसली. "बाई, वाक! वाक पाहिजे!"

मला वाटलं, ड्रममध्ये बघायला सांगते. मी कंबर धरून वाकले. शेजारणी पदर तोंडात घालून हसायला लागल्या.

"अवं तसं न्हाई! अंबाडीच्या सालीचा धागा, तो वाक!"

लहानपणी दोर वळताना हा शब्द मी ऐकलेला. ऐनवेळी आठवला न्हाई.

अंबाडी नाल्यात कुजवायची, साल सोलायची, धागा धुवायचा, उन्हात कडक वाळवायचा. तिने एक ओली जुडी माझ्याच हातात दिली. "धुतलेलं पाणी निवळ दिसेपर्यंत धुवा. घाई केली की वास आलाच."

"बस झालं की आता!"

"वास पोरीला येईल, मला न्हाई."

पुन्हा धूत बसले. तिने भाकरी-ठेचा वाढला, अन् निघताना वाळलेल्या वाकाची मोठी जुडी पिशवीत कोंबली. मोबदला विचारला तर म्हणाली, "लेकरू झालं की कळवा."

घरी येऊन सगळं उपसलं. खाली खडी, मधे वाळू, वर वाक. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडलं. वाक अधूनमधून काढून धुवा-वाळवा, जुना झाला की बदला, अन् पिण्याचं पाणी उकळाच. वाक कचरा अडवतो, रोग न्हाई.

मग पोरीला व्हिडिओ कॉल केला अन् गिलास समोर धरला.

"आई, रिकामा गिलास काहून दाखवून राहिली?"

मी बोटाने कडेला टिचकी मारली. पाणी हललं. पोरगी म्हणाली, "बाबांना सांग, न्यायला या."

पोरगी माहेरी येते, हे मी धुरपताबाईला आत्ताच कळवलं. लेकरू होईपर्यंत कोण थांबतं!