विहाराच्या दारासाठी मोटर

माझे भावोजी रत्नपाल हे किहीमच्या पट्ट्यातले नावाजलेले सुतार, आणि तितकेच हट्टी. सुतारकी त्यांच्या घरात कधीच नव्हती. त्यांचे वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाड्यांत नारळ सोलत राहिले. ज्या घरांत वडिलांना कोणी ओटीपलीकडे बोलावलं नाही, त्याच घरांची दारं पुढे भावोजींनी बसवली. आयटीआयमध्ये शिकून त्यांचा हात असा बसला, की लोक नुसता सांधा बघून म्हणत, हे रत्नपालचं काम.

त्याच उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्यांनी थरथर थोडी कमी झाली, पण हात मधेच अडकायला लागला. कप उचलताना वाटेतच थांबायचा आणि जरा वेळाने आपणहून सुटायचा. गिऱ्हाइकांना यातलं अक्षरही कळता कामा नये, अशी मला आणि माझ्या बहिणीला, जयमालाताईला, सक्त ताकीद होती.

आणि अशा अवस्थेत या गृहस्थांनी भर सभेत उठून जाहीर करावं, की नव्या विहाराचं दार मी करीन, माझ्या हातानं करीन आणि मजुरी घेणार नाही! मी कपाळावर हात मारला. ताई घरी येऊन रडली.

"अहो, लाकडात खाच पाडायचा तो राउटर हातात धरवत न्हाय तुम्हाला. बोटं जातील," ती म्हणाली.

"धरायचाच न्हाय ना," भावोजी म्हणाले. "टेबलाखाली लोखंडी लिफ्ट बसवून तिच्यात उलटा टांगायचा. हँडल फिरवलं की लिफ्टवर त्याची मोटर वरखाली व्हते, कापणारा कटर तेवढा टेबलाच्या वर येतो. तो जागेवर फिरंल. मी फक्त फळी सरकवायची. त्याला कशाला पायजे घट्ट धरणारा हात?"

लिफ्ट त्यांनी आधीच मागवली होती. मोटर मात्र डोळ्यांनी बघूनच घ्यायची, म्हणून आम्ही मांडव्याहून लाँचने मुंबईला गेलो. दुकानदाराने सगळ्यात दांडगं मशीन पुढे केलं. भावोजींनी ते बाजूला सारलं. त्याला दोन बाजूंना स्प्रिंगचे दांडे होते, आणि लिफ्टच्या पकडीत गोल, सरळ अंगाचीच मोटर बसते. दुसरी गोल होती, ताकदीचीही होती, पण तिला वेग एकच, तोही जोराचा. "दाराच्या फळीची कड उतरवायला रुंद कटर लागतो. तो या वेगात फिरवला तर कुणाचा तरी जीव घेईल," ते म्हणाले. तिसरीला वेग कमी-जास्त करायची चकती होती.

"हातात धरून चालू करून बघा ना काका," दुकानदार म्हणाला.

भावोजी शांतपणे म्हणाले, "तुम्हीच करा. मी ऐकतो."

मोटर झटका न देता हळूहळू वेगाला चढली. भावोजींनी डोळे मिटून ती ऐकली आणि मान हलवली. परतीच्या लाँचवर खोकं त्यांच्या मांडीवर होतं. इतकं खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मलाही आशा वाटली.

मोटरची निवड तसूभरही चुकली नव्हती, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन. टाकाऊ लाकडाच्या आखूड तुकड्यांवर खाच सुरेख पडली. मग विहाराच्या सागवानाची पहिली फळी लावली. निम्म्यावर गेली आणि भावोजींचा हात अडकला. कटर आपला एकाच जागी गरगरत राहिला. धूर निघाला, करपट वास सुटला आणि फळीच्या कडेवर बोटभर काळा डाग पडला. फळी सरकत असते तोवर कापली जाते, थांबली की जळते. दुसऱ्या फळीचं तेच झालं. त्यांनी वेग कमी केला, डावा हात लावला, फळी दाबून धरायला पट्ट्या ठोकल्या. तिसरीही जळली.

मग त्यांनी मोटर बंद केली आणि तिथेच भुशात बसून ते रडले. मी उगाचच खिडकी उघडली.

ताईने पदर खोचला. "उठा. कसं ढकलायचं ते मला सांगा."

"न्हाय. माझ्या हातानं करीन म्हणून सांगितलंय मी."

"दार व्हायला पायजे का न्हाय?"

भावोजी उठले आणि तिच्या मागे उभे राहिले. "चल. दाबू नको. चल, थांबू नको," एवढंच म्हणत राहिले. फळ्या एकामागून एक स्वच्छ निघाल्या.

उद्घाटनाला सारा गाव जमला होता. पुढच्या रांगेत भावोजींची दोन बंगलेवाली गिऱ्हाइकंही होती. वंदना झाली, पंचशील झालं. मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, सगळ्यांबरोबर भावोजीही म्हणाले. लगेच विहार समितीचे चांगदेव गुरुजी माइकवर आले. "हे दार आपल्या रत्नपालनं आपल्या हातानं घडवलंय," म्हणाले. टाळ्या पडल्या.

भावोजी उभे राहिले. ताईने त्यांची बाही ओढली. मी दबक्या आवाजात "बसा" म्हटलं.

"गुरुजी, माझ्या हातानं न्हाय," ते म्हणाले. "फळ्या जयमालानं काढल्या. माझ्या हातानं आता काम व्हत न्हाय."

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातल्या एकाच्या खिडक्यांचं काम कबूल झालं होतं. ते आता मिळणार नाही, हे मला त्याच क्षणी कळलं.

घरी जाताना माझा तोल सुटला. "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? कुणी विचारलं होतं तुम्हाला? आता खायचं काय?"

भावोजींनी एकदा मागे वळून विहाराकडे बघितलं.

"अजित," ते म्हणाले, "रोज त्याच दारातनं आत जायचंय ना मला."