साल्व्हादोरच्या लाह्या

ब्राझीलमध्ये मी काय करून बसलो, हे माझी बायको सुनंदा नातेवाइकांत कोणाला सांगू देत नाही. पण आता ती आत आहे आणि तुमचा चहा अजून संपायचा आहे, तर ऐका.

आमची मुलगी मुक्ता तिकडे साल्व्हादोरला नोकरी करते. समुद्राकाठचं जुनं शहर. रंगीत घरं, दगडी चढ, जिथं जाल तिथं ढोल. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी आपले देव जिवापाड जपले, ते आजही तिथं चर्चच्या दारात भेटतात. हे सगळं मुक्तानं नागपूरला फोनवर नीट समजावून सांगितलं होतं. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट अडकली. तिकडे जायच्या आधी पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. म्हणजे तिथं पिवळा ताप असणार. मग बाकीच्या रंगांचेही असतील, नाही का?

त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी उकळलेलं पाणी पीत, भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जीव मुठीत धरून फिरत होतो.

सोमवारी मुक्ता आम्हाला एका छोट्या चर्चला घेऊन गेली. ती गाडी लावायला गेली आणि आम्ही दोघं पायऱ्यांपाशी थांबलो. तिथं पांढरा घेरदार झगा, डोक्याला पांढरा फेटा अशा एक बाई टोपली घेऊन उभ्या. टोपलीत काय? मक्याच्या लाह्या. समोर रांग, आम्हीही लागलो. आमच्या पुढं काठी टेकत एक आजोबा, सारखे खोकत होते. बाईंनी काहीतरी पुटपुटत त्यांच्या डोक्यावरून ओंजळभर लाह्या सोडल्या. मग माझ्या.

"प्रसाद आहे," मी सुनंदाला म्हटलं. "पायाखाली नाही आला पाहिजे."

झेलता आल्या तेवढ्या झेलल्या आणि खाल्ल्या. कॉलरवरच्या वेचल्या. आजोबांच्या खांद्यावर चार-पाच अडकल्या होत्या, बिचाऱ्यांना दिसत नव्हत्या. त्याही उचलून तोंडात टाकल्या.

"लोक काहून असे पाहून राहिले तुमच्याकडे?" सुनंदानं विचारलं.

"परदेशी माणूस एवढा श्रद्धाळू पाहिला नसेल त्याईनं."

तेवढ्यात मुक्ता धावत आली. "बाबा, तोंडात काय आहे?"

"प्रसाद."

"प्रसाद नाही तो. आपण मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतो ना, तसं आहे हे. अंगावरून लाह्या सोडल्या की अंगातला आजार त्यांच्यात उतरतो, असं मानतात इथं."

माझं चावणं थांबलं. "कोणाचा आजार?"

"ज्याच्या अंगावरून पडल्या त्याचा."

आता काय करायचं? देवाच्या दारात थुंकणार कुठं? गिळलं.

आणि लगेच घसा खवखवायला लागला. तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ. असतील, पण खोकला तर आला.

"सुनंदा, मले आजोबाचं लागलं वाटते."

"तुम्हाले लाहीचं फोलपट लागलं आहे. पाणी प्या."

"इथलं पाणी?"

शेवटी मी मुक्ताला गळ घातली, त्या बाईंना यावर उतारा विचार. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग टोपली खाली ठेवली आणि पायरीवर बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. त्यांनी आजोबांना काहीतरी सांगितलं. आजोबा वळले, गंभीर चेहऱ्यानं माझ्याजवळ आले आणि छातीवर हात ठेवून मान लववली.

"काय म्हणून राहिले?" मी मुक्ताला विचारलं.

"खोकला घेतल्याबद्दल आभार मानतात."

मी खोकलो. आजोबांनी शर्टाच्या खिशातून आणखी एक लाही काढून माझ्यापुढं धरली.

"आता काय?"

"म्हणतात, गुडघेदुखी राहिली आहे."

अख्खी रांग हसत होती. मुक्ता म्हणाली, "बाबा, मस्करी करून राहिले ते."

तेवढं मलाही कळलं होतं. फक्त कळेपर्यंत मी सुनंदाच्या मागं जाऊन उभा राहिलो होतो.