चौथं भोक

हॅर्नोसान्दच्या बंदरात वाल्फ्रीदने एकतीस वर्षं फेरीबोटींची इंजिनं सांभाळली. तिथे पान्यांना पाय फुटायचे, म्हणून तो प्रत्येक पान्यावर स्वतःचं अक्षर कोरून ठेवी. निवृत्तीनंतर चोर मागे राहिले, संशय मात्र घरी आला. शेजारचा बिर्येर कॉफीला आला तरी याची एक नजर त्याच्या हातांवर.

वाल्फ्रीदने एक जुनी गाडी जपली होती; बिर्येरकडेही त्याच सालची, त्याच बनावटीची होती. उन्हाळ्याच्या मेळाव्यात दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहत आणि लोक बिर्येरच्या गाडीपाशी रेंगाळत. सुटे भाग आता मिळत नव्हते.

मे महिन्यात एका सकाळी वाल्फ्रीद गॅरेजमध्ये आपल्या गाडीच्या इंजिनातली व्हॉल्व्हची सीलं बदलत होता. बिर्येर कामाच्या बाकाशी वेलचीचा पाव खात उभा होता. स्प्रिंग दाबल्यावर तिला अडकवून धरणाऱ्या दोन बारीक लॉकांपैकी एक हाताला लागलं; मसुराएवढं दुसरं टणकन उडालं ते गेलंच. दोघांनी जमीन झाडली. बिर्येर तर गुडघे टेकून गाडीखाली शिरला. त्याचा हा उत्साहच वाल्फ्रीदला खटकला. इंजिनात ते पडणं शक्यच नव्हतं. ऑइल खाली जायची भोकं त्याने चिंध्यांनी बुजवली होती.

बिर्येरने उठून खिशात हात घातला.

"खिसे उलटे कर जरा," वाल्फ्रीद म्हणाला.

बिर्येरला आधी थट्टा वाटली. मग त्याने रुमाल, किल्ल्या, चष्म्याची डबी एकेक करून बाकावर मांडली.

"बूट पण काढू?"

वाल्फ्रीद 'नको' म्हणाला नाही. बिर्येर अर्धा पाव तिथेच टाकून निघून गेला.

दुपारी वाल्फ्रीदने चिंध्या काढल्या. तीन निघाल्या. भोकं चार होती. मागचं, वायरींआडचं, उघडंच राहिलं होतं. त्याने खालचं ऑइल काढून कापडातून गाळलं, काही नाही. मग उताणं पडून, तारेला लोहचुंबक बांधून, ऑइल काढायच्या भोकातून इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा तळ चाचपला. तिसऱ्या खेपेला 'टिक' झालं. काळंकुट्ट लॉक तळहातावर आलं, पण त्याला आनंद झाला नाही.

तो गेला तेव्हा बिर्येर आपल्या अंगणात होडी रंगवत होता.

"सापडलं," वाल्फ्रीद म्हणाला. "एक भोक मीच उघडं ठेवलं होतं."

"भोकाचं मला नको सांगूस. ते कुणाकडूनही होतं."

"तुझे खिसे पाहिले, ते चुकलं."

बिर्येरने फळी संपेपर्यंत त्याला तसंच उभं ठेवलं. मग ब्रश पुसत म्हणाला, "ती स्प्रिंग एकट्याने बसायची नाही. गुरुवारी येतो."

तो आला, स्प्रिंग दाबून धरली, लॉक बसलं. आपणहून कॉफीला मात्र तो परत कधी आला नाही. आता वाल्फ्रीद रोज सकाळी कुंपणापाशी जाऊन त्याला हाक मारतो. बहुतेक दिवशी तो येतो.